सरकार आणि अपक्ष सदस्य यांच्यातले समझोते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असा समझोता म्हणजे नेमकं काय?

बहुमताला दोन-चार डोकी कमी पडली की सरकार बनवू पाहणारा पक्ष अपक्षांच्या दारात जातो. अपक्ष आपल्या मागण्या सांगतो, घासाघीस होते आणि शेवटी ठरतं की अमुक मतदानात हा सदस्य सरकारच्या बाजूने उभा राहील आणि सरकार अमुक गोष्टी करेल. कधी याचा तीस पानांचा दस्तऐवज होतो, कधी एका पानाचं पत्र, तर कधी फक्त बंद खोलीतला शब्द. तिन्ही प्रकारांनी सरकारं बनली आहेत.

मग आघाडी आणि यात फरक काय?

आघाडीत दोन पक्ष मिळून सत्तेत बसतात, खाती वाटून घेतात आणि सरकारच्या प्रत्येक निर्णयाचं ओझं दोघांच्याही खांद्यावर असतं. अपक्षाच्या समझोत्यात तो सहसा बाहेर राहतो. सरकार पडू देणार नाही एवढंच तो कबूल करतो. सरकारचं प्रत्येक विधेयक चांगलं आहे, असं त्याने कुठेही म्हटलेलं नसतं. आपल्याकडे ‘बाहेरून पाठिंबा’ म्हणतात ते हेच, पण आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ इतका ताणला गेलाय की त्यात काय बसतं आणि काय नाही, हे दर वेळी नव्याने विचारावं लागतं.

अपक्ष नेमकं काय कबूल करतो?

मूळ गाभा दोन गोष्टींचा. विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावावर सरकारच्या बाजूने मत, आणि अर्थसंकल्प व विनियोजन विधेयक (तिजोरीतून खर्च करायला परवानगी देणारं) मंजूर होऊ देणं. या दोन्हींवर सरकार हरलं तर ते पडतं, म्हणून सरकारला हमी हवी असते ती एवढ्याचीच. बाकी सगळ्या विधेयकांवर अपक्ष आपल्या मर्जीचा मालक.

माझ्या मते समझोत्याचा सगळ्यात बोलका भाग तिथेच असतो, अपक्षाने स्वतःकडे काय राखून ठेवलं त्यात. ‘अविश्वास ठरावावर पाठिंबा, मात्र भ्रष्टाचाराचा गंभीर आरोप सिद्ध झाल्यास नाही’ अशी एक ओळ असली तर पुढच्या चार वर्षांचा इतिहास बदलतो. याचं उदाहरण खाली येईलच.

मत न देणं हाही एक पर्याय असतो आणि तो कधीकधी विरोधी मताइतकाच घातक ठरतो. ब्रिटनमध्ये २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलहॅन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारवर अविश्वास ठराव आला. उत्तर आयर्लंडचे अपक्ष खासदार फ्रँक मग्वायर हे पबमालक होते, लंडनला क्वचित यायचे, पण आले की बहुतेकदा मजूर पक्षाला मत द्यायचे. त्या दिवशी ते मुद्दाम लंडनला आले, सभागृहाच्या इमारतीत हजर राहिले आणि मत दिलंच नाही. ‘आपण जातीने तटस्थ राहायला आलो’ हे त्यांचं म्हणणं अजून सांगितलं जातं. सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं.

समझोता लेखी असावाच लागतो का?

कायद्याने नाही. पण लेखी आणि जाहीर असेल तर निदान भांडण कशावरून आहे हे लोकांना कळतं.

याचा गाजलेला नमुना आयर्लंडचा. फेब्रुवारी १९८२ च्या निवडणुकीत टोनी ग्रेगरी हे डब्लिनच्या मध्यवर्ती, गरीब वस्त्यांच्या मतदारसंघातून अपक्ष निवडून आले. टाय न लावणारा, शाळेत शिकवणारा माणूस. १६६ जणांच्या सभागृहात चार्ल्स हॉही यांच्या फियाना फॉल पक्षाकडे ८१ जागा होत्या. हॉही आणि त्यांचे प्रतिस्पर्धी गॅरेट फिट्झजेराल्ड, दोघेही ग्रेगरींशी बोलणी करायला आले. देशाचा पंतप्रधान व्हायला निघालेली दोन माणसं एका नवख्या सदस्याकडे खेटे घालत होती. ग्रेगरींनी मागण्यांची यादी तयार ठेवली होती: वस्तीत घरं, रोजगार, डब्लिन बंदरातली २७ एकर जागा सार्वजनिक मालकीत घ्यायची, बंद पडलेली एक कागद गिरणी सरकारने चालवायची. हॉहींनी सही केली, एका मोठ्या कामगार संघटनेच्या सरचिटणीसांनी साक्षीदार म्हणून सही केली. ९ मार्चला हॉही ८६ विरुद्ध ७९ मतांनी पंतप्रधान झाले आणि ग्रेगरींनी सगळा करार सभागृहात वाचून दाखवला, म्हणजे तो कामकाजाच्या नोंदीत कायमचा गेला.

त्या शेवटच्या गोष्टीचं मला फार कौतुक वाटतं. साक्षीदाराची सही आणि सभागृहात वाचन, ही कोर्टाबाहेरची दोन कुलुपं. सरकार मात्र नोव्हेंबरमध्येच पडलं आणि करारातलं बरंचसं कागदावर राहिलं.

अपक्ष बदल्यात काय मागतात?

ढोबळमानाने दोन प्रकारचं. पहिला प्रकार आपल्या ओळखीचा: माझ्या मतदारसंघात रस्ता, रुग्णालय, पाणी योजना. दुसरा प्रकार म्हणजे सभागृह आणि सरकार चालवायच्या नियमांतच बदल. तो कमी गाजतो, पण जास्त टिकतो.

१९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मुख्यमंत्री निक ग्रायनर यांच्या आघाडीला ९९ पैकी ४९ जागा मिळाल्या. टोनी विंडसर या अपक्षाने त्यांना पाठिंबा दिला. उरलेले तीन अपक्ष, जॉन हॅटन, क्लोव्हर मूर आणि पीटर मॅकडॉनल्ड, यांनी सरकारशी सामंजस्य करार केला, आणि त्यात विधानसभेची मुदत चार वर्षं पक्की करण्याची अट घातली. तोवर मुख्यमंत्र्याला सोयीच्या वेळी निवडणूक लावता यायची. अपक्षांना सगळ्यात मोठी भीती तीच असते, कारण मुदतपूर्व निवडणूक म्हणजे अपक्षाच्या डोक्यावर धरलेली तलवार. १९९५ च्या सार्वमतात लोकांनीही पक्क्या मुदतीला कौल दिला. त्या तिघांपैकी कोणी आज सभागृहात नाही, नियम मात्र आहे.

२०१० च्या राष्ट्रीय निवडणुकीनंतर अपक्षांच्या रेट्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या संसदेत प्रश्नोत्तराच्या तासाला वेळेची मर्यादा आली, प्रश्नाला ४५ सेकंद आणि उत्तराला ४ मिनिटं. मंत्र्यांची लांबण ज्यांनी ऐकली आहे त्यांना यातलं सुख कळेल.

हा सरळसरळ घोडेबाजार नाही का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि चिडून विचारलेला. उत्तर थोडं लांब आहे.

‘माझ्या भागात रुग्णालय बांधा, मी अर्थसंकल्पाला मत देतो’ हे राजकारण आहे. ‘मला इतके पैसे द्या, मी मत देतो’ ही लाच आहे. पहिल्यात मिळणारी गोष्ट लोकांची असते आणि उजेडात मागता येते. दुसरी उजेडात मागताच येत नाही. या दोन टोकांच्या मधे मात्र बराच चिखल आहे. महामंडळाचं अध्यक्षपद, लाल दिव्याचा मोह, नातेवाइकाची नेमणूक, मागे लागलेल्या चौकशीतून सुटका, हे सगळं त्या चिखलातलं.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात १९८९ मध्ये ३५ पैकी १७ जागा सत्ताधारी लिबरलांना, १३ मजूर पक्षाला आणि ५ हरित अपक्षांना मिळाल्या. बॉब ब्राउन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी मजूर पक्षाशी लेखी करार केला. त्याच काळात एडमंड राउझ नावाच्या माध्यमसम्राटाने मजूर पक्षाच्या एका आमदाराला फुटण्यासाठी १,१०,००० डॉलर देऊ केले. आमदार पोलिसांकडे गेला, राउझ तुरुंगात गेला. एकाच राज्यात, एकाच आकड्यासाठी, जाहीर करार आणि पैशाचा देकार शेजारी-शेजारी घडले. फरक समजून घ्यायला याहून स्वच्छ जोडी मला माहीत नाही.

भारतात १९९८ च्या नरसिंह राव प्रकरणातल्या निकालामुळे बरीच वर्षं विचित्र स्थिती होती. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्याला विशेषाधिकाराचं संरक्षण मिळत होतं. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला. मतासाठी पैसे घेतले तर विशेषाधिकाराची ढाल आता चालत नाही, मग सदस्य अपक्ष असो की पक्षाचा.

सरकारने शब्द पाळला नाही तर कोर्टात जाता येतं का?

नाही. हे राजकीय करार आहेत, व्यापारी नव्हेत. ‘मत देईन’ हे वचन कोणतंही न्यायालय अंमलात आणायला लावणार नाही. दोन्ही बाजूंकडे एकच हत्यार, पाठिंबा काढणं किंवा आश्वासन मोडणं, आणि ते वापरल्याची किंमतही दोघांना मोजावी लागते.

मग व्यवहारात शब्द मोडला की काय होतं?

ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू विल्की यांची गोष्ट ऐका. इराक युद्धाच्या वेळी गुप्तचर विभागातली नोकरी सोडलेला हा माणूस २०१० मध्ये पहिल्यांदा खासदार झाला आणि आल्या आल्या हातात सरकारची चावी. टोनी अ‍ॅबट या विरोधी नेत्याने विल्कींच्या होबार्ट शहरातल्या रुग्णालयासाठी १ अब्ज डॉलर देऊ केले. विल्कींना तो देकार बेजबाबदार वाटला. त्यांनी मजूर पक्षाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्याकडून ३४ कोटी डॉलर घेतले आणि त्यासोबत एक धोरणात्मक अट घातली: जुगाराच्या यंत्रांवर बसणाऱ्याने आपण किती हरायला तयार आहोत हे आधीच ठरवायची सक्ती, २०१४ पर्यंत.

जुगार क्लबांनी रान उठवलं. तरी सरकार विल्कींना सांभाळून होतं, कारण १५० च्या सभागृहात आकडा ७६ विरुद्ध ७४ होता. नोव्हेंबर २०११ मध्ये विरोधी बाकांवरचे पीटर स्लिपर अध्यक्षपदावर बसले, म्हणजे विरोधकांचं एक मत कमी झालं, आणि सरकारला एका मताची उसंत मिळाली. जानेवारी २०१२ मध्ये गिलार्ड यांनी ती सक्ती गुंडाळली. विल्कींनी त्याच महिन्यात पाठिंबा काढला. सरकार पडलं नाही. करारातला एक शब्दही बदलला नव्हता, बदलली होती फक्त बेरीज. अपक्षाशी करार करताना सरकारच्या मनात एक गणित सतत चालू असतं, हा माणूस मला अजून किती दिवस लागणार, हे.

उलट बाजूचीही नोंद घ्यायला हवी. आयर्लंडमध्ये फिनियन मॅकग्रा यांनी २००७ मध्ये सरकारला पाठिंबा दिला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये सत्तरीपुढच्या वृद्धांच्या वैद्यकीय कार्डांवर कात्री लागताच तो काढून घेतला. ही बाब त्यांच्या जिव्हाळ्याची होती आणि लोकांना ती कळण्याजोगी होती, म्हणून त्यांच्यावर ‘संधिसाधू’ हा शिक्का फारसा बसला नाही.

अपक्षांनी मुख्यमंत्र्यालाच जायला लावलं, असं कधी झालंय?

झालंय. वर आलेल्या ग्रायनरांच्याच बाबतीत. टेरी मेथरेल हे त्यांचे माजी मंत्री पक्ष सोडून अपक्ष झाले होते. १९९२ मध्ये त्यांना सरकारी नोकरीतलं मोठं पद देण्यात आलं, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक सरकारच्या सोयीची होईल असा हिशेब दिसला. भ्रष्टाचारविरोधी आयोगाने चौकशी केली. गंमत अशी की हा आयोग खुद्द ग्रायनरांनी १९८८ मध्ये स्थापन केला होता. आयोगाचा अहवाल आला तेव्हा तिन्ही अपक्षांनी निरोप दिला: सरकार राहील, तुम्ही जा, नाहीतर अविश्वास ठरावाला आम्ही मत देऊ. जून १९९२ मध्ये ग्रायनर गेले, जॉन फॅही आले. पुढे न्यायालयाने आयोगाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन निष्कर्ष काढल्याचं सांगितलं, पण खुर्ची परत आली नाही.

करार पंतप्रधानाशी असतो की पक्षाशी?

कागदावर कोणाचं नाव आहे ते बघा. गिलार्ड यांच्याशी करार केलेल्या विंडसर (वर आलेले तेच, आता राष्ट्रीय संसदेत) आणि रॉब ओकशॉट यांनी पाठिंबा व्यक्तीच्या नावाने दिला होता. जून २०१३ मध्ये पक्षाने गिलार्डना हटवून केव्हिन रड यांना नेता केलं तेव्हा साहजिकच प्रश्न आला, करार संपला का? गव्हर्नर जनरलनी कायदेशीर सल्ला घेऊन रड यांना शपथ दिली आणि रड यांनी पहिल्या संधीला हे सभागृहाला कळवावं अशी व्यवस्था झाली. सभागृहात आव्हान आलं नाही, म्हणून प्रश्न तिथेच निवळला.

भारतात अपक्षाने सरकारला पाठिंबा दिला तर त्याचं सदस्यत्व जातं का?

पाठिंबा दिल्याने जात नाही. पक्षात गेल्याने जातं. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात (१९८५ ची ५२ वी दुरुस्ती) असं आहे की अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षात सामील झाला तर तो अपात्र ठरतो. नामनियुक्त सदस्याला पक्ष निवडायला सहा महिने मिळतात, अपक्षाला एक दिवसही नाही. कारण उघड आहे: लोकांनी ‘कोणाचाही नाही’ म्हणून मत दिलं, तर तो कोणाचा तरी होऊ शकत नाही.

‘सामील झाला’ हे ठरवायचं कसं? सदस्यत्वाची पावती फाडली नाही, मग?

पावती फाडायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जगजीत सिंग विरुद्ध हरियाणा (२००६) या प्रकरणात सांगितलं. जून २००४ मध्ये राज्यसभेच्या मतदानाच्या तोंडावर हरियाणातल्या अपक्ष आमदारांना विधानसभाध्यक्षांनी अपात्र ठरवलं. पुराव्यात दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती होत्या. कॅमेऱ्यासमोर ‘आम्ही काँग्रेसमध्ये आलो’ असं बोलून गेलेली माणसं नंतर ‘आम्ही फक्त पाठिंबा दिला’ म्हणू लागली. न्यायालयाने अध्यक्षांचा निर्णय कायम ठेवला. म्हणून विजयी अपक्षाला जाणकार वकील पहिला सल्ला देतो तो माईकपासून लांब राहण्याचा.

पक्षात न जाता पक्षासोबत राहणाऱ्याला म्हणायचा ‘सहयोगी सदस्य’ हा आपल्याकडचा सोयीचा शब्द याच कुंपणावर बसलेला आहे. नाव काहीही द्या, वागणं काय आहे ते बघितलं जातं.

आणि मंत्री झाला तर?

मंत्री होणं म्हणजे पक्षप्रवेश नव्हे. कर्नाटकात २००८ मध्ये भाजपला २२४ पैकी ११० जागा मिळाल्या, बहुमत ११३ वर. पाच अपक्षांना मंत्री करून येडियुरप्पा सरकार उभं राहिलं. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनीच पाठिंबा काढला तेव्हा अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं आणि सरकारने विश्वासदर्शक ठराव १०६ विरुद्ध १०० असा जिंकला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली. निकाल योग्य, पण मतदान होऊन गेलं होतं. अध्यक्षाची खुर्ची कोणाकडे आहे हे अपक्षांच्या समझोत्यात इतकं महत्त्वाचं का असतं, ते इथे दिसतं.

मंत्रिपदांची खिरापत मात्र आता पूर्वीसारखी वाटता येत नाही. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांत बसवलं (लहान राज्यांत किमान १२ मंत्री). १९९५ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना ७३ आणि भाजप ६५ मिळून १३८ होते, २८८ च्या सभागृहात ४५ अपक्ष निवडून आले होते आणि अशी कुठलीच मर्यादा नव्हती. तेव्हाची खातेवाटपं आठवणाऱ्यांना या दुरुस्तीचं मोल सांगावं लागत नाही.

अपक्षाला व्हिप लागू होतो का?

नाही. व्हिप म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. राज्यसभेच्या मतदानात पक्षाचा आमदार आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवतो, अपक्षाने ते कोणालाच दाखवायचं नसतं. त्यामुळे निकालाच्या रात्री ‘आमचा अपक्ष कुठे गेला’ ही शोधाशोध होते आणि खरं उत्तर बहुधा कधीच मिळत नाही.

पाठिंब्याचं पत्र राज्यपालांकडे दिलं म्हणजे बहुमत सिद्ध झालं?

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालापासून (१९९४) हे पक्कं आहे की बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं. पत्र दिलेला माणूस उलटू शकतो. आपल्याकडच्या पत्रांवर माझा आक्षेप वेगळाच आहे. त्यात कोण कोणाला पाठिंबा देतो हे असतं, कशासाठी देतो हे कधीच नसतं. ‘बिनशर्त पाठिंबा’ ही शब्दजोडी वाचली की शर्ती तोंडी ठरल्या, एवढंच मी समजतो.

सरकारला पाठिंबा देऊन विरोधी पक्षाच्या वेळेत बोलता येतं का?

जानेवारी २०२५ मध्ये आयर्लंडच्या सभागृहात याच प्रश्नावर रण माजलं. मायकल लाउरी यांच्या अपक्ष गटाने मिहॉल मार्टिन यांचं सरकार बनवायला पाठिंबा दिला आणि वर विरोधकांच्या वाट्याची बोलण्याची वेळही मागितली. गोंधळात सभागृह तहकूब झालं, पंतप्रधानाची निवड एक दिवस लांबली. मला विचाराल तर विरोधकांचं बरोबर होतं. सरकार तुम्ही बनवलंत, तर त्याला जाब विचारण्याची रांग तुमची नव्हे.

अशी सरकारं टिकतात का?

काही महिनेही टिकत नाहीत आणि पूर्ण मुदतही भरतात. हॉहींचं वर्षाच्या आत पडलं. टास्मानियातला करार १९९० मध्ये लाकडी चिप्सच्या निर्यातीच्या मर्यादेवरून मोडला. पण गिलार्ड-रड सरकारने तीन वर्षांची मुदत काढली. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलंड राज्याचे पीटर वेलिंग्टन हे तर नमुनेदार: १९९८ मध्ये मजूर पक्षाला ८९ पैकी ४४ जागा, त्यांनी पंचेचाळिसावं मत दिलं. सतरा वर्षांनी, २०१५ मध्ये, पुन्हा मजूर पक्ष ४४ वर अडला, पुन्हा वेलिंग्टनच आणि या वेळी ते अध्यक्षही झाले.

समझोता केलेल्या अपक्षाला पुढच्या निवडणुकीत मतदार काय करतात?

ठरलेलं काही नाही. ग्रेगरी २००९ मध्ये निधन होईपर्यंत त्याच मतदारसंघातून निवडून येत राहिले. विंडसर आणि ओकशॉट यांचे मतदारसंघ ग्रामीण आणि उजवीकडे झुकलेले, आणि त्यांनी निवडलं मजूर पक्षाला. दोघेही २०१३ मध्ये उभेच राहिले नाहीत. २०१६ मध्ये परत आले आणि हरले. आपल्या मतदारांच्या कलाविरुद्धच्या पक्षाला साथ देणाऱ्याने आधी त्यांना समजावून सांगितलेलं बरं. ओकशॉटनी निर्णय जाहीर करताना सतरा मिनिटं भाषण केलं होतं, तरी ते पुरलं नाही.

अपक्ष स्वतःच मुख्यमंत्री होऊ शकतो का?

होऊ शकतो. झारखंडमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये मधू कोडा यांच्यासह अपक्षांनी अर्जुन मुंडा यांच्या सरकारचा पाठिंबा काढला, ते सरकार गेलं आणि मुंडांच्या मंत्रिमंडळात असलेले कोडा स्वतः मुख्यमंत्री झाले, काँग्रेस, राजद आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या जोरावर. ऑगस्ट २००८ मध्ये झारखंड मुक्ती मोर्चाने पाठिंबा काढून घेतला आणि कोडांची खुर्ची शिबू सोरेन यांच्याकडे गेली.